स्प्रिंग वाढली, दांड्या तेवढ्याच राहिल्या

दोन इंच उंच केलेली थार रस्त्यात दिसली, की नजर आधी टायरवर जाते आणि मग टायर व मडगार्ड यांच्यातल्या मोकळ्या जागेवर. गाडीच्या मागे जाऊन, गुडघा टेकून खाली पाहणारे फार थोडे. तिथे ॲक्सलला लगटून एक दांडी आडवी गेलेली असते. तिचं एक टोक ॲक्सलवर असतं, दुसरं चॅसीवर. कारखान्यातून निघालेल्या गाडीत ती बरीचशी सपाट असते. उंच केलेल्या गाडीत तिचा चढ नुसत्या डोळ्यांना कळतो. दोन्ही मागच्या टायरांचं मडगार्डपासूनचं अंतर टेपने मोजलं, तर एका बाजूचं टायर थोडं जास्त बाहेर आलेलं सापडतं. मालकाने पैसे मोजले होते स्प्रिंगसाठी आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरसाठी. ॲक्सल बाजूला सरकवा, असं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

वाहनं आणि वाटा हा यंदाच्या अंकाचा विषय. वाट सोडून चालणाऱ्या गाड्यांबद्दल लिहायचं तर डोंगर, चिखल आणि नदीपात्रं यांची वर्णनं पुष्कळ करता येतील. पण महाराष्ट्रात या छंदाचं आरोग्य आज एका दुर्लक्षित कामावर अवलंबून आहे, असं मला वाटतं. ते काम म्हणजे गाडी उंच केल्यावर मागच्या ॲक्सलच्या दांड्यांची भूमिती पुन्हा जुळवणं. हे काम झालं नसेल, तर गाडी उंच करण्याचं काम अर्धवट राहिलं आहे, असंच समजावं. उरलेला अर्धा भाग घाटातल्या वळणावर चालकाच्या हातात येतो.

पाट्यांनी लावलेली सवय

हे दुर्लक्ष आळसातून आलेलं नाही, त्याला इतिहास आहे. आपल्याकडची जीप वाढली ती पाट्यांवर. महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून मेजरसारख्या गाड्यांपर्यंत ॲक्सल पाट्यांवरच बसलेला होता. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीलाही चारही बाजूंना पाटेच. २०१० मध्ये थार हे नाव पहिल्यांदा आलं. तिला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, पण मागे पाटे राहिले. या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या आज गॅरेजं चालवतात, आणि पाट्यांचं शास्त्र त्यांना उत्तम येतं.

पाट्याचं वैशिष्ट्य असं की तो एकटा दोन कामं करतो. तो वजन पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. पुढे-मागे सरकू न देणं, डावी-उजवीकडे जाऊ न देणं, ब्रेक लागला की ॲक्सलला फिरू न देणं, हे सगळं त्या पोलादी पट्ट्या आणि यू-बोल्ट करतात. त्यामुळे जिप्सी उंच करताना जास्त कमानीचे पाटे टाकले, तर ॲक्सलची जागा फारशी हलत नाही. हलतो तो पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला मिळतो तिथल्या नाकाचा, कोन, आणि तोही पाटा चॅसीला टांगणारी शॅकल लांब केली तर जास्त. पाट्याची लांबी सुमारे ११०० मिलिमीटर धरली आणि मागच्या टोकाची शॅकल ५० मिलिमीटरने वाढवली, तर गाडी मध्यावर २५ मिलिमीटर उचलली जाते आणि ॲक्सल अडीच अंशांच्या आसपास फिरतो. त्यावर उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सल यांच्यात बसवायची लोखंडी पाचर. पाचर बसली, यू-बोल्ट आवळले, काम संपलं.

२ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीला आलेली, नाशिकला बनणारी थार मात्र मागे कॉइल स्प्रिंगवर आणि दांड्यांवर उभी आहे. जून २०२३ मध्ये आपल्याकडे आलेली जिम्नी पुढे-मागे दोन्हीकडे तशीच. कॉइल आणि दांड्या त्याआधीही आपल्या रस्त्यांवर होत्या, पण हौसेने उंच करायच्या गाड्या मुख्यतः पाट्यांच्याच होत्या. कॉइल फक्त वजन पेलते. ॲक्सलला धरून ठेवतात त्या दांड्या, आणि प्रत्येक दांडी आपल्या ठरलेल्या वर्तुळातच फिरते. स्प्रिंगखाली दोन इंचांचा ठोकळा सरकवला, की चॅसी वर जाते. दांड्यांची लांबी आणि त्यांच्या खुंट्यांची जागा मात्र तीच राहते. पाट्यांच्या काळात स्प्रिंग बदलणं म्हणजेच गाडी उंच करणं होतं. ती सवय दांड्यांच्या गाडीला जशीच्या तशी लागली, आणि गडबड तिथे झाली.

आडवी दांडी

पॅनहार्ड हे एका जुन्या फ्रेंच मोटार कंपनीचं नाव. आडव्या दांडीला तेच चिकटलं. तिचं काम एकच, ॲक्सलला डावी-उजवीकडे जाऊ न देणं. ते ती अगदी अचूक करत नाही, कारण तिचं टोक सरळ रेषेत खाली-वर न जाता कमानीत फिरतं. दांडी आडवी असेल तोवर ही कमान जवळपास उभी रेषाच असते. दांडी तिरकी झाली, की ॲक्सलच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो बाजूलाही ढकलला जातो.

उदाहरणासाठी दांडी ९०० मिलिमीटर लांब धरू आणि मूळ गाडीत तिच्या दोन टोकांच्या उंचीत ४० मिलिमीटरचा फरक धरू. गाडी ५० मिलिमीटरने उचलली, की हा फरक ९० होतो. तेवढ्याने ॲक्सल उभ्या गाडीत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकतो. "साडेतीन मिलिमीटरनं काय बिघडतंय?" हा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमीचा आहे आणि तो रास्त आहे. तेवढ्याने खरोखरच काही बिघडत नाही. पण आता हाच ॲक्सल चालत्या गाडीत बघा. चाक उभ्या स्थितीपासून ६० मिलिमीटर वर आणि ६० मिलिमीटर खाली गेलं, तर मूळ गाडीत ॲक्सल बाजूला एकूण साडेपाच मिलिमीटर हलतो आणि उचललेल्या गाडीत बारा. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सतत कुठेतरी ढकलला जातोय, असं जे वाटतं त्याचं मूळ इथे आहे.

बाजारात यावर मिळणारा पहिला उपाय म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारी पॅनहार्ड. आटे फिरवायचे, ॲक्सल मध्यावर आणायचा, चेकनट आवळायचा. टायर दोन्हीकडे सारखे दिसू लागतात आणि गिऱ्हाईक समाधानाने जातं. पण वरचा हिशोब पुन्हा केला, तर दिसेल की लांबी साडेतीन मिलिमीटरने बदलली तरी चढ तोच राहिला. ते बारा मिलिमीटर बाराच राहतात. उभ्या गाडीतला दोष गेला, चालत्या गाडीतला तसाच आहे. या कामात सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून यावर थोडं जास्त थांबायला हवं.

चढ कमी करायचा तर दांडीचं एक टोक हलवावं लागतं: ॲक्सलवरची खुंटी वर घ्यायची किंवा चॅसीवरची खाली आणायची. दोन्हींनी दांडी सारखीच सपाट होते, तरी परिणाम वेगळे होतात. वळणावर गाडीचं धड ज्या बिंदूभोवती कलतं, तो मागच्या बाजूला साधारणपणे पॅनहार्डच्या मध्यावर असतो. गाडी ५० मिलिमीटर उचलली, की दांडीचं एकच टोक वर गेल्यामुळे हा बिंदू २५ मिलिमीटरच वर जातो. वजनाचा मध्य मात्र पूर्ण ५० वर जातो. दोघांमधलं अंतर वाढलं, म्हणजे कलही वाढला. चॅसीवरची खुंटी ५० खाली आणली, तर तो बिंदू मूळ जागी परततो आणि अंतर आणखी वाढतं. ॲक्सलवरची खुंटी ५० वर घेतली, तर बिंदूही ५० वर जातो आणि गाडी पूर्वीइतकीच कलते. म्हणून मागच्या पॅनहार्डसाठी ॲक्सलवरची उंच खुंटी हाच योग्य उपाय आहे, आणि तिच्या जोडीला लांबी बदलता येणारी दांडी असली तर उत्तम.

या उंच खुंटीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. खुंटी जितकी उंच, तितका तिच्या बुडाशी ताण जास्त. मागच्या ॲक्सलवर ८०० किलो वजन धरलं आणि वळणावर त्याच्या निम्म्याइतकं बल आडवं आलं, तर ५० मिलिमीटरच्या वाढीव उंचीमुळे बुडाशी सुमारे १९५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर पडतो. डाव्या वळणावर एका दिशेने, उजव्या वळणावर उलट. ताम्हिणी घाट एकदा उतरेपर्यंत हे किती वेळा होतं, याची कल्पना करा. नुसती उभी पट्टी वेल्ड केलेली असेल, तर तिला तडा जायचाच. म्हणून खुंटीला बाजूने तिरका आधार हवा, मूळ खुंटीच्या भोकातून बोल्ट हवा आणि ॲक्सलच्या नळीभोवती यू-क्लॅम्प हवा. वेल्डिंग करायचंच असेल, तर छोट्या टाक्यांनी, थंड होऊ देत करायला हवं. एकदम तापवलेली नळी वाकते आणि आतल्या बेअरिंगांना त्याची किंमत मोजावी लागते. आक्षेप खरा आहे, पण त्यातून चांगली खुंटी बनवा एवढंच निघतं. खुंटी नको, असं निघत नाही.

नव्या थार रॉक्समध्ये आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये पॅनहार्डऐवजी वॉट लिंकेज आहे. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेली ही रचना ॲक्सलला जवळपास सरळ रेषेत खाली-वर नेते. त्यामुळे या गाड्या उंच केल्या तरी काही जुळवायला नको, असा समज पसरू लागला आहे. वॉटच्या दोन दांड्यांची सरळ रेषा एका ठरलेल्या पट्ट्यातच सरळ असते. गाडी उचलली की ॲक्सल त्या पट्ट्याच्या एका टोकाला जाऊन बसतो. पॅनहार्डपेक्षा दोष कमी, पण शून्य नाही.

वळणावर मागची चाकं वळतात

पॅनहार्डचा दोष निदान टेपने सापडतो. पुढून मागे जाणाऱ्या खालच्या दांड्यांचा दोष सापडत नाही, कारण तो उभ्या गाडीत नसतोच.

या दांड्यांचं पुढचं टोक चॅसीवर आणि मागचं ॲक्सलवर असतं. मूळ गाडीत त्या मागच्या बाजूला किंचित उतरत्या असतात. उचललेल्या गाडीत उतार वाढतो. आता गाडी वळणावर कलली, की बाहेरच्या बाजूचं चाक धडाच्या हिशोबाने वर येतं आणि त्या बाजूची दांडी सपाट होत जाते. सपाट झालेली दांडी चाकाला मागे ढकलते. आतल्या बाजूला उलट: उतार वाढतो आणि चाक पुढे ओढलं जातं. एक चाक मागे, एक पुढे, म्हणजे अख्खा ॲक्सल वळतो, आणि वळतो तोही वळणाच्या बाहेरच्या दिशेने. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

आकडा काढून पाहू. दांडी ५०० मिलिमीटर, मूळ उतार २० मिलिमीटर, दोन दांड्यांमधलं अंतर ११०० मिलिमीटर आणि कलल्यावर प्रत्येक बाजूची हालचाल ४० मिलिमीटर. मूळ गाडीत ॲक्सलची दोन टोकं एकमेकांच्या तुलनेत तीन मिलिमीटरच्या आसपास सरकतात, म्हणजे ॲक्सल ०.१७ अंश वळतो. गाडी ५० मिलिमीटरने उचलल्यावर उतार ७० होतो, सरकणं अकरा मिलिमीटरच्या पुढे जातं आणि ॲक्सल ०.६ अंश वळतो, जवळजवळ साडेतीनपट. पुढची चाकं तेवढी वळवायची तर सोळास एक या नेहमीच्या प्रमाणात स्टिअरिंग नऊ-दहा अंश फिरवावं लागतं. न मागता गाडीने स्वतःच केलेली ही स्टिअरिंगची हालचाल आहे. वरंधा घाटात लागोपाठ डावं-उजवं वळण येतं, तेव्हा गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळते, चालक हात सैल सोडतो, धड दुसरीकडे कलतं, आणि तेच उलट्या दिशेने सुरू होतं. अशा वेळी दोष बहुधा टायरना किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरना दिला जातो आणि आणखी कडक शॉकअ‍ॅब्सॉर्बर टाकले जातात. त्यांनी गाडी सावकाश कलते. कलायची थांबत नाही, आणि ॲक्सलही वळायचा थांबत नाही.

इथेही लांब केलेल्या दांड्या अर्धाच इलाज करतात. पुढे ओढला गेलेला ॲक्सल त्यांनी मडगार्डच्या मध्यावर परत येतो, उतार मात्र राहतो. उतार घालवायला चॅसीकडची खुंटी खाली आणावी लागते किंवा ॲक्सलकडची वर घ्यावी लागते. चॅसीकडची खाली आणली, तर ती नेमकी मागच्या चाकाच्या पुढे, पोटाखाली लोंबते आणि दगडावर आधी तीच बसते. ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यातलाच काही भाग असा परत जातो. ॲक्सलकडची वर घेतली, तर वरच्या आणि खालच्या दांड्यांमधलं अंतर कमी होतं, आणि ब्रेक किंवा रेटा लागला की त्याच दांड्यांवर जास्त बल येतं. तोट्याविना उपाय नाही. घाटरस्ते जास्त आणि दगडी नाले कमी असा वापर असेल तर चॅसीकडची खुंटी. उलट असेल तर ॲक्सलकडची, अधिक जाड दांड्यांसह. खालच्या दांड्यांचा उतार कमी झाल्याचा फायदा चढावरही मिळतो. उतरत्या दांड्या इंजिनाचा रेटा गाडीचा मागचा भाग उचलण्यात घालवतात, आणि सुट्या मुरमावर चाकं धाडधाड उड्या मारू लागतात.

पिनियनचं नाक

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील, तर दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. तिरका क्रॉस शाफ्टला एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरवतो; पाच अंशांवर हा फरक ०.४ टक्क्याच्या आत असतो, पंधरा अंशांवर साडेतीन टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. वर-खाली वेगळ्या दांड्या असलेल्या थारमध्ये पिनियनकडचा कोन वरच्या दांड्यांची लांबी बदलून बराचसा सुधारता येतो. जिम्नीचं काम अवघड आहे. तिथे प्रत्येक बाजूला एकच दांडी ॲक्सलला दोन बुशांनी पकडते, त्यामुळे दांडी जितकी फिरेल तितका ॲक्सलही फिरतो आणि पिनियनचं नाक वर होतं. अशा गाडीला वाकवलेल्या दांड्या किंवा मध्यापासून हललेल्या भोकाचे बुश लागतात. जिम्नीवाले पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, याच बुशांनी आवर्जून सुधारतात, कारण स्टिअरिंग हलकं झालेलं लगेच जाणवतं. मागचा ॲक्सल स्टिअरिंगमध्ये बोलत नाही, म्हणून तो राहून जातो.

ओळंबा, खडू आणि पाना

चांगल्या गॅरेजमध्ये हे काम कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. गाडीची टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर, नेहमी जेवढं सामान असतं तेवढं मागे ठेवलेलं. सपाट फरशीवर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून बसू दिलेली. मग चॅसीवरच्या दोन सारख्या भोकांतून ओळंबे सोडले जातात, खाली खडूने खुणा होतात, तशाच खुणा ॲक्सलच्या दोन टोकांखाली. खुणा सुतळीने जोडल्या, की दोन गोष्टी वेगळ्या कळतात: ॲक्सल बाजूला सरकला आहे का, आणि तो तिरका बसला आहे का. पहिली चूक पॅनहार्डची. दुसरी खालच्या दांड्यांची. एक दांडी दुसरीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब झाली, तरी गाडी खेकड्यासारखी चालते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. आधी खुंट्या, मग खालच्या दांड्या, मग पिनियनसाठी वरच्या, आणि पॅनहार्ड सगळ्यात शेवटी. त्यानंतर स्प्रिंग काढून ॲक्सल जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघायचा. ब्रेकचा पाइप ताणतो का, एबीएसची वायर कुठे अडकते का, उंच खुंटी चॅसीच्या खालच्या अंगाला आपटते का, हे तेव्हाच कळतं. आपटत असेल, तर बंप स्टॉप लांब करावा लागतो.

आणि बुशांचे बोल्ट. रबरी बुशाचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. दांडी हलते तेव्हा ते पिळलं जातं. गाडी घोड्यांवर असताना, चाकं लोंबत असतानाच बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं आणि मागून कटकट आवाज येऊ लागतो. गाडी स्वतःच्या चाकांवर, नव्या उंचीवर उभी असतानाच बोल्ट शेवटचे आवळायचे. याला वेगळा सुटा भाग लागत नाही, फक्त खाली आडवं होऊन पाना फिरवायची तयारी लागते. बुशांऐवजी गोळ्यांचे सांधे टाकायची आता टूम आहे. ते मोकळे फिरतात, पण कोकणातल्या एका पावसाळ्याचा लाल चिखल त्यांच्यात शिरला, की लवकर खुळखुळू लागतात. रोजच्या गाडीला चांगलं रबरच बरं.

"आम्ही कुठे पळवतो?"

गाडी हौसेची, हळूच चालवायची, मग हे सगळं कशाला, असं म्हणणारे बरेच आहेत. पण नदीपात्रापर्यंत ती द्रुतगती मार्गानेच जाते, घरची माणसं बसलेली असताना जाते, आणि पावसात जाते. "कंपनी भरपूर वाव ठेवते," असंही म्हटलं जातं. वाव ठेवलेला असतो, पण तो मुख्यतः वजनासाठी: गाडी भरली की खाली बसते आणि दांड्या सपाट होतात. उचललेली गाडी उलट दिशेला, लोंबणाऱ्या चाकांच्या टोकाकडे, उभी राहते. त्या बाजूचा वाव उंचीनेच खाऊन टाकलेला असतो.

उंचीचा फायदाही समजतो तितका सरसकट नसतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत मागे सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो चाकांबरोबर जमिनीपासून ठरलेल्या अंतरावर असतो. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर सांगितला जातो. स्प्रिंगने गाडी कितीही उचलली, तरी गोळ्याखालची जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते मोठ्या टायरने, आणि तीही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मी. स्प्रिंगची उंची मोठं टायर मावण्यासाठी आणि पोट व बंपर वाचवण्यासाठी. तेवढ्याला एक-दीड इंच पुरत असेल, तर तिसऱ्या इंचाने दांड्यांचं गणित बिघडवण्यात अर्थ नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. आपल्या फेरबदलाचं काय होईल, हे मालकाने आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्यावं. भूमिती जुळवली म्हणून गाडी आपोआप कायदेशीर होत नाही. पण कायद्याचा धाक दाखवून भूमितीचा विषय टाळता येत नाही, कारण उंच केलेल्या गाड्या आज रस्त्यावर आहेतच, आणि त्यांच्या शेजारून दुचाकीवाले जातात.

गॅरेजने गिऱ्हाइकाच्या हातात बिलाबरोबर मापांचा एक कागद द्यायला हवा. पॅनहार्डच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक आधी किती होता आणि आता किती, खालच्या दांड्यांचा उतार किती, ॲक्सलच्या दोन टोकांची चॅसीपासूनची अंतरं, पिनियनचा आणि ट्रान्सफर केसचा कोन, बोल्ट कोणत्या उंचीवर आवळले. मालकाने हा कागद मागायला हवा, आणि नसेल तर पैसे देण्याआधी मापं समोर घ्यायला लावायला हवीत. पाचशे किलोमीटर झाले, की गाडी पुन्हा त्याच फरशीवर आणायची. नव्या स्प्रिंग तोवर थोड्या बसलेल्या असतात, चेकनट सैल झालेले सापडतात, आणि पॅनहार्डला बहुतेक वेळा अर्धा-एक आटा आणखी लागतो.